चेतकच्या तारा

मलकापूरहून बुलढाण्यास जाणाऱ्या वाटसरूला प्रथम नळगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीची सपाटी लागते, आणि मोताळा ओलांडल्यावर राजूरचा घाट चढून त्याला अजिंठ्याच्या डोंगररांगेवर यावे लागते. ज्या चेतक स्कूटरचा क्लच सपाटीवर आपला दोष बेमालूम लपवून असतो, तो या घाटात, मागे कुटुंब आणि पुढे पिशव्या असा भार घेऊन निघाल्यावर, उघडा पडल्यावाचून राहत नाही. इंजिनाचा आवाज चढत जातो, वेग मात्र वाढत नाही, आणि उजव्या मुठीने मागितलेली शक्ती चाकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कोठेतरी गहाळ होते. असा अनुभव आलेला मालक गॅरेजात जातो तो बहुधा ‘गिअर बॉक्स गेला’ असा निकाल स्वतःच लावून, आणि तपासाआधीच लागलेल्या या निकालापायी एका चांगल्या यंत्राची नाहक चिरफाड होते. ती टळावी, या हेतूने या यंत्राची हकीकत येथे सांगावयाची आहे.

विमानविद्येत मुरलेल्या कोरादिनो दास्कानिओ या अभियंत्याने पिआज्जो कंपनीसाठी १९४६ साली व्हेस्पाची रचना सिद्ध केली, तेव्हा मोटारसायकलीच्या उघड्या साखळीचा आणि पायाने बदलावयाच्या गिअरचा त्याने मुळातच त्याग केला. इंजिन, क्लच व गिअर यांचा एकच गठ्ठा करून त्याने तो मागील चाकाशी असा जोडला, की गिअर बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दंडावरच चाक बसावे. आणि गिअर बदलण्याचा अधिकार त्याने क्लचच्या दांडीसह डाव्या मुठीला दिला. हीच रचना परवान्याने पुण्यास आली. बजाज आणि पिआज्जो यांचा करार १९७१ मध्ये संपुष्टात आल्यानंतर, १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करून जी स्कूटर बाहेर पडू लागली, ती व्हेस्पा स्प्रिंटच्याच वंशातील होती : ५७ मिलिमीटर व्यासाचे आणि तितक्याच धावेचे एकच सिलिंडर, १४५.४५ घन सेंटिमीटर क्षमता, दोन आघातांचे इंजिन, चार गिअर. नंबर लागण्यासाठी लोकांनी तिची वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ हीही त्याच घराण्यातील असल्यामुळे पुढील विवेचन बव्हंशी तिलाही लागू आहे.

इंजिन मागे आणि हुकूम देणारा हात पुढे, अशी ही रचना असल्यामुळे क्लच व गिअर यांपुरता दोहोंमधील सारा व्यवहार तीन तारांवर चालतो : एक क्लचची आणि दोन गिअरच्या. या तारा मुठीपासून निघून स्कूटरच्या पत्र्याच्या पोटातून मागे जातात. गिअरच्या दोन तारांपैकी एक सिलेक्टरच्या, म्हणजे गिअर निवडणाऱ्या यंत्रणेच्या, पेटीतील कप्पीला एका दिशेने ओढते, तर दुसरी विरुद्ध दिशेने. दप्तरातील जुनी कागदपत्रे वाळवीने पोखरावीत तशा त्या बाहेरच्या वेष्टणाआड कुरतडल्या जातात आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आत शिरला म्हणजे गंजून जड होतात. या यंत्रातील बहुसंख्य तक्रारींचे मूळ येथे आहे, लोखंडी पेटीच्या आत नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

क्लचची तक्रार दोन परस्परविरुद्ध प्रकारची असते. क्लच सोडत नाही, हा पहिला प्रकार : दांडी पूर्ण दाबूनही पहिला गिअर टाकताच गाडी पुढे सरकू पाहते आणि गिअर बदलताना कर्कश आवाज होतो. तार ढिली झाली म्हणजे हे घडते. मग दांडीचा बराचसा प्रवास केवळ ढिलाई भरून काढण्यात खर्ची पडतो आणि क्लचच्या प्लेटा पुरत्या विलग होत नाहीत. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत मात्र तार निर्दोष असूनही बुचाचे अस्तर असलेल्या प्लेटा लोखंडी प्लेटांना चिकटून बसलेल्या असतात. अशा वेळी इंजिन बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये घालून, दांडी दाबून धरून ती मागेपुढे झुलविली असता त्या पुष्कळदा सुटतात. क्लच पकडत नाही, हा दुसरा प्रकार, आणि घाटात प्रत्ययास येतो तो हाच. येथेही प्रथम संशय तारेवर घ्यावा, कारण ती फाजील ताणलेली असेल तर दांडी सोडल्यावरही प्लेटांवरील दाब पूर्ण बसत नाही. दांडीच्या मुळाशी दोन मिलिमीटरच्या आसपास मोकळी हालचाल असावी, हा शिरस्ता. ती राखूनही क्लच घसरत असेल, तरच बुचाचे अस्तर झिजले, स्प्रिंगा मंदावल्या अथवा गिअर बॉक्समध्ये अयोग्य तेल पडले असे मानावे. एक निराळा प्रसंगही संभवतो. गिअर पडतो, दांडी सोडली जाते आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा क्रँकच्या टोकावर क्लचला जखडणारी अर्धचंद्राकृती चावी तुटलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो.

पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल केवळ सिलिंडर व क्रँक यांची सोय पाहते, गिअर बॉक्सचे तेल स्वतंत्र असते, हे अनेक मालकांच्या गावीही नसते. ते सुमारे पाव लिटर. गाडी सरळ उभी करून भरावयाच्या छिद्रातून बाहेर येऊ लागेपर्यंत घालावयाचे. क्लच याच तेलात बुडून काम करतो, म्हणून नव्या प्लेटा बसविण्यापूर्वी तेलात भिजवून ठेवतात. क्लचकडील सील फाटले म्हणजे इंजिन हे तेल आत ओढून जाळू लागते, आणि पांढऱ्या धुराचे लोट सोडीत गाडी आपली जबानी स्वतःच देते.

गिअरच्या बाबतीत मुठीवरील आकडा आणि आतील गिअर यांचा मेळ सुटणे हे नित्याचे दुखणे. पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये न्यूट्रल. मुठीवर न्यूट्रल दिसत असता गाडी गिअरमध्ये असेल, किंवा चौथ्यासाठी मूठ अखेरपर्यंत पिळूनही तो पडत नसेल, तर तारांचा ताण सिलेक्टरजवळील स्क्रूंनी जुळवून घ्यावा. याहून गंभीर तक्रार म्हणजे भार पडताच गिअर निसटणे. दंडाच्या पोकळीतून सरकणारा, चार हातांचा ‘क्रॉस’ प्रत्येक गिअरच्या खाचांत शिरून त्याला दंडाशी एकजीव करतो. त्याच्या हातांच्या कडा गोलावल्या की तो पकड सोडतो. परंतु तारा चुकीच्या जुळविल्या असल्यास निर्दोष क्रॉससुद्धा अर्धाच शिरतो आणि निसटतो. लक्षण तेच, कारण निराळे. या दोहोंचा निवाडा करण्याची रीत साधी आहे : तारा सोडवून, मागील चाक हाताने फिरवीत सिलेक्टर हातानेच एकेका गिअरवर न्यावा. चारही गिअर स्वच्छ पडले तर प्रथम तारा जुळवाव्यात. त्या नीट जुळवूनही भाराखाली गिअर निसटत राहिला, तरच दोष क्रॉसचा.

मूळ रचनाकाराची दूरदृष्टी येथे दिसते. वारंवार झिजणारा क्लच इंजिनाचे दोन भाग न करता, बाजूचे झाकण काढून बाहेर घेता येतो; क्रॉससाठी मात्र सबंध इंजिन उतरवून दुभंगावे लागते. ज्या भागाकडे पुनःपुन्हा जावे लागणार तो हाताशी, आणि क्वचित लागणारा खोल, अशी ही तजवीज आहे. तिचा मान राखणारा मिस्त्री बाहेरून आत जातो. तिची अवज्ञा करणारा पहिल्याच दिवशी इंजिन खोलतो.

२००५ च्या सुमारास जुन्या चेतकची निर्मिती थांबली, आणि आता त्याच नावाची विजेवर चालणारी, क्लच व गिअर यांचा पत्ताच नसलेली गाडी रस्त्यावर आहे. सुटे भाग अद्याप मिळतात, परंतु नरम पोलादाचे क्रॉस आणि हलक्या बुचाच्या प्लेटाही त्यांतच मिसळलेल्या असतात, तेव्हा खरेदी जाणत्याच्या सल्ल्याने करावी. गिअरची एक तार तुटली असता दुसरीही तिच्याच वयाची असते, सबब दोन्ही एकदम बदलाव्यात. आणि इंजिन खोलण्यास संमती देण्यापूर्वी, तारा सोडवून सिलेक्टर हाताने फिरविण्याची परीक्षा मालकाने आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी, एवढी प्रत्येक चेतकधारकास माझी विनंती आहे.