हेलिकॉप्टरमधले बाळ आणि त्याचे कान

आजारी नवजात बाळाला हवाई मार्गाने हलवताना डॉक्टर-नर्सचे सारे लक्ष त्याचा श्वास, तापमान आणि रक्तातली साखर यांवर असते. वैमानिक आणि नर्स हेडसेट चढवतात. बाळाचे कान अनेकदा उघडेच राहतात. गर्भाचे अंतःकर्ण साधारण २५व्या आठवड्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळही ऐकत असते, फक्त आवाज गाळून देणारे आईचे पोट आता मध्ये नसते.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीने १९९७ मध्ये नवजात अतिदक्षता विभागासाठी ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली. हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये सहसा ८० ते १०० डेसिबल आवाज असतो. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते. त्यामुळे ४५ आणि ८५ यांत फरक दहा हजार पटींचा. इतक्या गोंगाटात स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो, यंत्रांचे अलार्म ऐकू येत नाहीत आणि नर्सला पडद्यावरच नजर ठेवावी लागते.

इन्क्युबेटरचे प्लास्टिक तीक्ष्ण आवाज काहीसा अडवते, पण पंख्यांची खोल घरघर आत शिरतेच. शिवाय इन्क्युबेटरची मोटर आणि नळीतून जोराने येणारा ऑक्सिजन बाळाच्या अगदी जवळ. अशा आवाजाने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब बदलतात, रक्तातला ऑक्सिजन घसरू शकतो. एका फेरीने बहिरेपण येतेच असे नाही. मात्र अनेक आजारी बाळांना जेंटामायसिन किंवा अमिकासिन चालू असते. ही औषधे कानाला घातक ठरू शकतात आणि आवाजाची जोड मिळाली तर इजा वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

उत्तर भारतातल्या अशा बाळांचे मोठे आशास्थान म्हणजे चंदीगडचे पीजीआय रुग्णालय. लडाखच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की आकाशवाटच उरते. पण बहुतेक बाळे रस्त्यानेच येतात. पंचकुल्याकडून निघालेली रुग्णवाहिका मनीमाजऱ्याच्या हाउसिंग बोर्ड चौकातून मध्य मार्गाला लागते आणि सेक्टर १२ मधले पीजीआय गाठते. विमानाने आलेल्या बाळालाही शेवटचा टप्पा रुग्णवाहिकेनेच गाठावा लागतो, म्हणून सायरन आणि हॉर्नही याच हिशेबात धरायला हवेत.

उपाय फार महागडे नाहीत. नवजातांसाठी कानावर चिकटणाऱ्या मऊ वाट्या मिळतात. त्या आवाज साधारण ७ डेसिबलने कमी करतात, म्हणजे तीव्रता सुमारे एक पंचमांशावर आणतात. त्या पुरेशा नाहीत, तरी न लावण्यापेक्षा नक्कीच बऱ्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा कागदासारखी असल्याने त्या हळूच काढाव्या लागतात. मोठ्यांचे इअरप्लग इवल्याशा कर्णनलिकेत बसत नाहीत आणि कापसाचा बोळा हा निव्वळ समाधानाचा भाग. इन्क्युबेटरच्या खिडक्या आपटू नयेत, गरज नसेल तेव्हा सायरन बंद ठेवावा.

पोहोचल्यावरही काम उरतेच. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाला केवळ ओएई (अंतःकर्णाचा प्रतिसाद मोजणारी) चाचणी पुरत नाही, कारण श्रवण-मज्जातंतूतला दोष तिच्यात निसटू शकतो. त्यासाठी बेरा (श्रवण-मज्जातंतूपासून मेंदूपर्यंतचा मार्ग तपासणारी) चाचणी करावी लागते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार असा दंडक आहे. बाळ घरी नेताना पालकांनी डिस्चार्ज कार्डावर बेराची तारीख लिहून घ्यावी.