वसंतगडावरचा जो

दिवाळीच्या किल्ल्यासाठी तारळीकाठची माती आणायची, हळीव पेरायचे नि कुंभाराकडचे मावळे मांडायचे. उंब्रजमधला आमचा किल्ला कायम वसंतगड. गडाच्या पायथ्याचं, सरसेनापती हंबीररावांचं तळबीड शेजारी असताना दुसरा कुठला करणार? नव्वदच्या दशकात त्या मावळ्यांत मी फनस्कूलचा जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक घुसवला. आजी म्हणाली, "ह्यो गनीम कुठनं आणलास रं?"

हा जो मूळचा १९६४ चा. हॅस्ब्रोनं तो जवळपास फूटभर उंच, कापडी गणवेशातला काढला. १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांवर आला. पोटातल्या रबरी कडीवर त्याचं धड नि पाय जोडलेले. माझी कडी तुटली, तेव्हा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला.

२०२० पासून 'क्लासिफाइड' मालिकेत जी. आय. जोची जुनी पात्रं सहा इंची होऊन परतली. सांधे जास्त, रंगकाम बारीक. गिऱ्हाईक पोरं कमी, त्यांचे बापच जास्त. मीही एक मागवला आणि खोक्यातून काढला. पट्टीच्या संग्राहकाला हे पाप वाटेल. पण खोक्यात ठेवून बघायचं तरी काय?

यंदा तो बुरुजावर होता. महाराजांशेजारी मात्र मातीचाच मावळा, एक हात मोडलेला.