लाल गुलाबाला वास असतोच असं नाही

मुळशी तालुक्यातल्या पौड, पिरंगुट, भूगावच्या बंगल्यांच्या अंगणात लाल गुलाब हवाच असतो. पहिलं फूल नाकाशी नेलं की मात्र पुष्कळदा निराशा होते. मग ‘माती हलकी आहे’, ‘खत कमी पडलं’ अशी कारणं शोधली जातात आणि बुंध्याशी चहाचा चोथा, अंड्याची टरफलं पडू लागतात. पण सुगंध हा त्या त्या जातीचा गुण आहे. निरोगी झाडाचं फूल भरदार येतं, सकाळच्या उबेत वास जास्त जाणवतो, इतकंच. मुळात वास नसलेल्या जातीत कोणतंही खत तो आणत नाही.

रंग गडद म्हणजे वासही दाट, हा समजही खरा नाही. 2015 साली फ्रेंच संशोधकांनी सुगंधी ‘पापा मेयाँ’ आणि जवळजवळ बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ या दोन लाल गुलाबांची तुलना केली. वास तयार करण्यात भाग घेणारं एक एन्झाइम पहिल्याच्या पाकळ्यांत भरपूर कामाला लागलेलं होतं, दुसऱ्यात जवळपास नव्हतंच. शेजारच्या मावळातल्या पॉलिहाऊसमधून परदेशी जाणारे लाल गुलाब लांब दांडा आणि टिकाऊपणा पाहून निवडलेले असतात. त्या निवडीत वास मागे पडला, म्हणून बुकेतल्या फुलावरून बागेसाठी जात ठरवू नये.

‘सुगंधी लाल’ हे काही जातीचं नाव नव्हे. नर्सरीत नाव विचारावं, शक्यतो फुलावर आलेलं रोप हुंगूनच घ्यावं. ‘क्रिम्झन ग्लोरी’ (1935), ‘मिस्टर लिंकन’, ‘ओक्लाहोमा’ आणि ‘पापा मेयाँ’ ही भरवशाची नावं. यातल्या शेवटच्या तिघांचे आईबाप एकच आहेत. मात्र ‘पापा मेयाँ’वर भुरी आणि काळे ठिपके लवकर येतात. मुळशीत मोठ्या झुडपासाठी मी आधी ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ शोधेन. 1897 सालचा हा जुना गुलाब झुपक्यांनी, पुन्हापुन्हा फुलतो, आणि त्याचा वास खोल आहे. फुलं मान टाकतात म्हणून फुलदाणीला तो शोभत नाही, अंगणाला शोभतो.

‘मुळशीच्या पावसात गुलाब जगत नाही’ हे अर्धसत्य आहे. तालुक्यातला पाऊस सारखा नाही: ताम्हिणीकडे तो धो धो कोसळतो, भूगावकडे बराच कमी होतो. झाड मरतं ते मुळाशी पाणी साचल्यानं. म्हणून वाफा जमिनीपेक्षा उंच घ्यावा, मातीत कुजलेलं शेणखत घालावं आणि किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सुमारे सात तास सलग ओलं लागतं, आणि आषाढात ते सहज मिळतं. तेव्हा दोन झुडपांत मोकळं अंतर हवं, गळलेली पानं उचलून टाकावीत आणि पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्यावं. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात छाटणी केली की दीड-दोन महिन्यांत बहर येतो.

एक सल्ला मात्र अनेक चांगल्या फांद्यांच्या मुळावर येतो: ‘पाच पानांची फांदी खरी, सात पानांची रानटी.’ कलमी गुलाबालाही सात पर्णिका येतात, विशेषतः जोमदार झुडपांना. कात्री चालवण्याआधी फांदी कुठून फुटली ते पाहावं. डोळा भरलेल्या गाठीच्या वरून आली असेल तर ती राहू द्यावी. गाठीच्या खालून, खुंटावर फुटलेली असेल तर माती बाजूला सारून ती मुळाशी ओढून काढावी, कारण वरवर कापली तर पुन्हा फुटते.