नर्सरीची जागा आणि तीन आठवड्यांचे वय

गेल्या डिसेंबरात, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, एक गृहस्थ आपल्या मुलाला कडेवर घेऊन मालेगाव कॅम्पातील माझ्या दवाखान्यात आले. मूल ठणठणीत होते. तक्रार होती ती त्याच्या जन्मतारखेची. येत्या जूनमध्ये एका नावाजलेल्या शाळेच्या नर्सरीत त्याला घालायचे होते आणि नियमाप्रमाणे वय तीन आठवड्यांनी कमी पडत होते. जन्मनोंद दुरुस्त करून घेण्यासाठी मी दोन ओळी लिहून द्याव्यात, अशी त्यांची विनंती होती.

मी नकार दिला. पण त्यांचा युक्तिवाद मला हसण्यावारी नेता आला नाही. त्या शाळेत प्रवेशाचे खरे दार नर्सरीच आहे, असे ते म्हणाले. नर्सरीतली मुले पुढे सरकत जातात, पहिलीला बाहेरच्यांसाठी उरतात त्या मोजक्या जागा. बाकावर बसलेल्या एका आईंना हे पटले नाही. त्यांची मुलगी घराजवळच्या बालवाडीतून थेट पहिलीला अशाच शाळेत गेली होती. बदल्या होतात, जागा रिकाम्या होतात, असा त्यांचा अनुभव. "तुमचं नशीब होतं ताई," गृहस्थ म्हणाले, "मी नशिबावर कसा सोडू?" मग साऱ्या दवाखान्यातच वाद रंगला. तापलेल्या मुलाच्या आजीही त्यात पडल्या.

वाचकहो, या वादात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. संलग्न नर्सरीचा फायदा काल्पनिक नाही. आपल्या कसमादे पट्ट्यातला कांदा उत्पादक असो की यंत्रमागाचा कारखानदार, मुलाच्या शाळेसाठी तो पोटाला चिमटा घेतो आणि दहावीपर्यंतची निश्चिंती मिळत असेल तर अडीच वर्षांची घाई त्याला स्वस्त वाटते. मात्र ही किंमत चुकवतो कोण, ते मला रोज तपासणीच्या टेबलावर दिसते.

आधी वयाचा हिशोब पाहू. महाराष्ट्रात नर्सरीसाठी 3 वर्षे आणि पहिलीसाठी 6 वर्षे पूर्ण हवीत, आणि ती मोजायची त्या शैक्षणिक वर्षातल्या 31 डिसेंबरला. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होताना वर्गातले सर्वांत लहान मूल साधारण अडीच वर्षांचे असू शकते आणि सर्वांत मोठे साडेतीनचे. चाळीशीत एका वर्षाचा फरक जाणवतही नाही. अडीच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या आजवरच्या आयुष्याचा पाचातला दोन हिस्से असतो. आमच्या गृहस्थांचे चिरंजीव तर याही सीमेच्या बाहेर होते. ते दाखल्यासाठी आले त्या संध्याकाळी त्यांनी दुसरे वर्षही पूर्ण केले नव्हते.

वर्गात सर्वांत लहान असण्याचे परिणाम दूरवर जातात. 2018 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे शालाप्रवेशाची वयोमर्यादा 1 सप्टेंबरला मोजतात, तिथे ऑगस्टात जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर अतिचंचलतेचे, एडीएचडीचे निदान सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक वेळा झाले होते. मुलांत दोष नव्हता. ती फक्त लहान होती.

पण मला येथे मेंदूपेक्षा पोटाविषयी अधिक बोलायचे आहे. अडीच वर्षांच्या पुष्कळ मुलांचे शी-शूचे शिक्षण अजून चालू असते. घरी ते आईचा पदर ओढून सांगतात. अनोळखी इमारतीत, तीस मुलांच्या वर्गात, नव्या बाईंना परक्या भाषेत सांगायचे म्हणजे मोठेच संकट. मग मूल शी रोखून धरते. रोखलेला मल कोरडा होतो, उतरताना दुखतो, आणि दुखतो म्हणून मूल पुन्हा रोखते. काही महिन्यांनी कडक मलाच्या कडेने पातळ मल झिरपून चड्डी खराब होऊ लागते. पालक जुलाबाचे औषध मागतात, शाळा 'सवयी लावा' अशी चिठ्ठी पाठवते. मूळ दुखणे मात्र बद्धकोष्ठाचे असते. काही मुले पाणीच पिणे सोडतात, मुली लघवी धरून ठेवतात. भरलेली पाण्याची बाटली तशीच घरी येत असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर लघवीची तपासणी अवश्य करून घ्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या मुलीला मी अडीच वर्षांची असताना एका मोठ्या शाळेच्या शिशुवर्गात घातले, कारण तेव्हाही हिशोब हाच होता. त्या वर्षी तिला दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला. दोन्ही वेळा मी प्रतिजैविके दिली. ती शाळेत चार तास लघवीला जातच नाही, हे तिच्या आजीने विचारून काढले. मी, डॉक्टर असून, विचारले नव्हते.

कायद्याची मदत येथे तोकडी पडते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास बंदी केली आहे. पहिल्या उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण या कायद्यातले 'बालक' 6 ते 14 वर्षांचे. गंमत अशी, की दुर्बल आणि वंचित घटकांच्या 25 टक्के जागांसाठी हाच कायदा पूर्वप्राथमिक वर्ग असलेल्या शाळेत तेथूनच प्रवेश द्या म्हणतो. म्हणजे नर्सरी हेच दार आहे हे त्याला ठाऊक आहे, पण त्या दाराशी उभ्या असलेल्या अडीच वर्षांच्या मुलाचे रक्षण मात्र तो पुरते करत नाही. 1993 च्या यशपाल समितीने नर्सरीसाठीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असे स्पष्ट म्हटले होते.

याच महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले. तेथे बालवाडीत मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज आपण तीन वर्षांच्या मुलाला खेड्यातून व्हॅनमध्ये कोंबून पंधरा-पंधरा किलोमीटर आणतो, तेव्हा मला हे अंगण आठवते.

तरीही आपला निर्णय संलग्न नर्सरीचाच असेल, तर मी आपणास दोष देणार नाही. फक्त पैसे भरण्यापूर्वी पहिलीचा प्रवेश खरोखर निश्चित आहे का, हे लेखी मागा. तोंडी आश्वासनावर तीन वर्षांचे शुल्क भरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. मूल 31 डिसेंबरच्या काठावर असेल तर एक वर्ष थांबण्याचा विचार करा. पहिले काही दिवस आई-वडिलांना वर्गात थोडा वेळ बसू देतात का, मुलांना स्वच्छतागृहात कोण नेते, हे विचारा. आणि ते स्वच्छतागृह स्वतः पाहा. कार्यालयाजवळचे नव्हे, मुलांचे.

त्या गृहस्थांनाही मी हेच सुचवले होते. आठवड्याभराने ते पुन्हा आले, या वेळी स्वतःच्या रक्तदाबासाठी. पट्टा बांधताना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बघून आलो. शाळा छान आहे. पण संडासाची कडी माझ्या छातीपर्यंत येते." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, कॅम्पात आमच्या गल्लीजवळ एखादी चांगली बालवाडी आहे का.