मागावरची आज्ञावली

खासबागेतील विणकराच्या मुलास संगणकाची आज्ञावली परकी वाटण्याचे कारण नाही, असे आम्ही मानतो. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ साली सिद्ध केलेल्या मागात पुठ्ठ्याला भोक असेल तेथे धागा उचलला जातो, नसेल तेथे नाही. आज्ञावली ती हीच!

अमेरिकेतील एमआयटी संस्थेने २००७ साली खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये मूल रंगीत ठोकळे जोडून पडद्यावरील मांजर चालविते. चौकोनी फेरी हवी, तर ‘शंभर पावले चाल, नव्वद अंश वळ’ ही जोडी चार वेळा. तीनदाच दिली, तर मांजर जागी परतत नाही. मूल आपणच ठोकळे तपासते. पालक मात्र ‘पोर खेळते आहे’ म्हणून संगणक बंद करवितात. त्यांनी एकदा शेजारी बसून पाहावे. साधन उतरवून घेतले, की पुढे इंटरनेटही लागत नाही.