बाळ आजी-आजोबांकडे, तुम्ही दोघं माथेरानला

लेकराला आजी-आजोबांकडे सोपवून पहिल्यांदाच दोघं निघताय? मग लांबचा बेत नको. मुंबई-ठाणेकरांना मी डोळे झाकून माथेरान सुचवते. कर्जत लोकलने नेरळला उतरा, शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठा. तिथून पुढे मोटारींना बंदी! पायी चला, घोडा करा, नाहीतर अमन लॉजहून मिनी ट्रेन पकडा. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी दोन फुटी रुळांवरून डुलत जाते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, पुढची शटल सहसा चालू.

हॉटेल मात्र पहिल्या खेपेला नाक्याच्या बाजूचंच घ्या. आत दूरवरचे जुने बंगले देखणे आहेत, पण रात्री घरून फोन आला तर अंधारात लाल मातीची वाट तुडवत नाका गाठावा लागेल.

तापाच्या औषधाचा डोस डॉक्टरांना विचारून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजवर लावा. मोबाइलमधला मेसेज आजीचा चष्मा सापडेपर्यंत कामाचा नाही. बाकी सूचनांची यादी नकोच. आजोबा एखादं चॉकलेट जास्तीचं देणारच, द्या सोडून!

निघताना गुपचूप सटकू नका, टाटा करून निघा. व्हिडिओ कॉल दुपारीच उरका. झोपायच्या वेळी आईचा चेहरा दिसला की रमलेलं पोरही भोकाड पसरतं, आणि मग आजीची रात्र गेलीच.

जमलं तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी लुईझा पॉइंटवर उभं राहायला जागा नसते.