आपल्याच मापाचा भोवरा

काचेच्या बरणीत पाणी घ्या, त्यात चमचाभर शेंगदाण्याचं तेल टाका आणि रवीने घुसळायला लागा. आधी तेलाचे मोठाले गोळे फुटतात, त्यांचे थेंब होतात, थेंबांचे आणखी बारीक थेंब. मग एक वेळ अशी येते की हात तेवढ्याच जोराने चालू असला तरी थेंब फारसे बारीक होत नाहीत. जोर वाढवला की थोडे फुटतात आणि पुन्हा अडतात. रासायनिक कारखान्यात द्रव ढवळणाऱ्या अ‍ॅजिटेटरचे आरपीएम (मिनिटाला फेरे) ठरवणाऱ्या माणसापुढेही हाच प्रश्न असतो. थेंब कुठे अडणार? आणि मुळात त्याला फोडतो कोण?

केंब्रिजच्या जेफ्री इंग्राम टेलर यांनी 1934 साली या प्रश्नाला हात घातला तो गोल्डन सिरप घेऊन. आपल्या काकवीसारखा हा दाट साखरेचा पाक. त्यात त्यांनी चार रूळ बसवले. ते अशा दिशांनी फिरायचे की मधोमध सोडलेला तेलाचा थेंब जागच्या जागी राहावा, पण एका बाजूने ताणला जावा आणि दुसऱ्या बाजूने दाबला जावा. गोल थेंब लांबट होई, टोकं निमुळती होत आणि शेवटी तो तुटे. दुसऱ्या उपकरणात त्यांनी दोन पट्टे समोरासमोर उलट दिशांना चालवले. तिथे पाकाच्या वीसपट दाट थेंब काही केल्या फुटेना. प्रवाहाबरोबर जरासा आडवा होऊन तो तसाच राहिला. ओढणारा प्रवाह आणि घासणारा प्रवाह यांत केवढा फरक आहे, हे त्या एका हट्टी थेंबाने दाखवून दिलं.

पण टेलर यांचे प्रवाह शहाणे होते. कुठे किती ओढ आहे, ते कागदावर मांडता येत होतं. घुसळणाऱ्या भांड्यात असा शहाणपणा नसतो. तिथे मोठ्या भोवऱ्यात लहान, लहानात त्याहून लहान, आणि कुठलाच क्षणभर स्थिर नाही. या गोंधळाचं गणित मांडायचं कसं?

त्याची किल्ली मॉस्कोत सापडली. संभाव्यतेच्या गणितात आधीच मोठं नाव झालेले आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी 1941 साली काही चिमुकले लेख छापले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ढवळण्याची ऊर्जा आधी मोठ्या भोवऱ्यांत शिरते, ते फुटून ती लहानांकडे जाते आणि सगळ्यात बारीक भोवऱ्यांपाशी पोचली की चिकटपणामुळे तिची उष्णता होते. मधल्या टप्प्यातले भोवरे आपला जन्म विसरलेले असतात. रवीने घुसळलंय की पंख्याने, त्यांना पत्ता नसतो. दर किलो द्रवामागे दर सेकंदाला किती ऊर्जा खाली वाहतेय, एवढंच त्यांना ठाऊक. मला हा विचार आजही थक्क करतो. भांड्याचा आकार, पात्यांचा कोन, सगळं पुसून एकच आकडा उरतो.

त्याच वर्षी जूनमध्ये जर्मन फौजा सोव्हिएत सीमेत घुसल्या. हे लेख पश्चिमेत कुणाच्या फारसे नजरेस पडले नाहीत. 1945 साली टेलर यांच्या हाताखाली काम करायला जॉर्ज बॅचलर हा पंचविशीतला ऑस्ट्रेलियन तरुण केंब्रिजला आला. ग्रंथालयात सोव्हिएत अकादमीच्या नियतकालिकाचे इंग्रजी अंक चाळता चाळता, जेमतेम चारचार पानांचे ते लेख त्याच्या हाती लागले. त्यांचं मोल त्याला तिथेच कळलं, आणि 1946 साली पॅरिसच्या परिषदेत त्याने ते जगापुढे ठेवलं.

कोल्मोगोरोव स्वतः 1949 साली थेंबाकडे वळले. थेंबाहून फार मोठा भोवरा थेंबाला कडेवर घेऊन फिरतो. दोन्ही टोकं एकाच वेगाने जातात, म्हणून इजा होत नाही. फार लहान भोवरा अंगावर नुसता टिचकी मारतो. थेंबाला फाडतो तो त्याच्याच मापाचा भोवरा, कारण त्याच्यामुळे थेंबाचं एक टोक इकडे आणि दुसरं तिकडे ओढलं जातं. या ओढीपुढे थेंबाला गोल आवळून धरणारा पृष्ठताण टिकला तर थेंब शाबूत. थेंब जितका बारीक, तितकी पृष्ठताणाची पकड बळकट आणि समोरचा भोवरा दुबळा. बरणीतले थेंब अडतात ते इथे.

नेदरलँड्समधले ज्युलियस हिन्झे यांनी 1955 साली हे आकड्यांना भिडवलं. त्यासाठी लागणारी मापं पंधरा वर्षं पडून होती. क्ले या संशोधकाने एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांपैकी आतलं फिरवून, खवळलेल्या द्रवातल्या थेंबांची मोजणी 1940 सालीच छापली होती. हिन्झे यांनी ती मापं घेतली, थेंबाचं माप सांगणाऱ्या सूत्राचा स्थिरांक काढला: 0.725. तेल-पाण्यामधला पृष्ठताण मीटरला 0.03 न्यूटन धरला आणि किलोमागे 1 वॉट शक्ती लावली, तर मोठ्यात मोठा थेंब सुमारे 1.4 मिलिमीटरचा येतो. तो निम्मा करायचा तर शक्ती साडेपाच पटींहूनही जास्त लागते. रवी फिरवून दुखणाऱ्या मनगटाला हे आधीच कळलेलं असतं.

कुठला थेंब कधी फुटेल, त्याची किती पिल्लं होतील, याचा हिशोब मात्र बाकी होता. तो करणाऱ्यांत माटुंग्याच्या यूडीसीटीतून (मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून) 1960 साली बाहेर पडलेले दोराईस्वामी रामकृष्ण अग्रणी. अमेरिकेत त्यांनी थेंबांच्या या लोकसंख्येचं गणित उभं केलं.

आणि ‘आपल्याच मापाचा’ हा शब्द? 2022 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पाण्यात दोन भोवरकडी, म्हणजे कड्याच्या आकाराचे भोवरे, समोरासमोरून एकमेकांवर सोडली आणि मध्ये हवेचा बुडबुडा ठेवला. टक्कर होईपर्यंत मोठ्या कड्यांनी त्याला नुसतं हळुवार वाकवलं. टक्कर झाली, कडी फुटून बारीक भोवऱ्यांचा थवा झाला, आणि बुडबुड्याहून कितीतरी लहान असलेल्या त्या भोवऱ्यांनी क्षणार्धात त्याच्या चिंध्या केल्या.